तेलातील पाणी : पावसाळ्यापूर्वी व हंगामानंतर घ्यावयाची दक्षता

भाताच्या खाचरात चिखलणी करून परतलेल्या ट्रॅक्टरचे मागील पेटीतील तेल काढले असता कित्येकदा ते मूळच्या सोनेरी रंगाचे न दिसता दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसते. ‘तेल दुधाळ झाले’ असे चालक सांगतो आणि बहुधा त्याचे निदान बरोबर असते. आसाच्या झिजलेल्या सीलमधून खाचरातील पाणी आत शिरलेले असते व दातेरी चाकांनी ते तेलात घुसळलेले असते. परंतु पाणी असे डोळ्यांना दिसू लागणे ही या विकाराची पहिली नव्हे, तर शेवटची पायरी होय. त्यापूर्वी कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, ते तेलात असते व आपले काम करीत असते. तेल मात्र स्वच्छ व पारदर्शक दिसते.

साखर कारखान्यातील टर्बाइन, गावाबाहेरील विद्युत रोहित्र, पाणीपुरवठा योजनेच्या पंपगृहातील गिअरबॉक्स, जलविद्युत केंद्रातील बेअरिंगे या सर्वांच्या बाबतीत हीच गोष्ट खरी आहे. तेल बदलण्याची तारीख पाळणारे पुष्कळ आढळतात. तेलात आज पाणी किती आहे व गेल्या महिन्यात किती होते, याची नोंद ठेवणारे मात्र थोडे. ही नोंद ठेवणे फारसे खर्चाचे नाही. ती न ठेवल्यामुळे होणारी हानी मोठी असून तिचा भार अखेरीस सहकारी संस्थेच्या सभासदावर, वीजग्राहकावर व उभ्या पिकाला पाणी देऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यावर पडतो.

पाणी तेलात कसे राहते

तेल व पाणी एकत्र होत नाहीत असे आपण शाळेत शिकतो. हे विधान स्थूलमानाने खरे असले तरी पूर्णतः खरे नाही. खनिज तेलात पाणी अत्यल्प प्रमाणात विरघळते. हे प्रमाण दहा लाख भागांत किती भाग, म्हणजेच ‘पीपीएम’ या मापाने सांगण्याची पद्धत आहे. २१० लिटरच्या एका पिंपात १०० पीपीएम पाणी म्हणजे अवघे २१ मिलिलिटर, चहाचे चार चमचे. एवढ्याशा पाण्याने काय होणार, असे कोणासही वाटावे. ते काय करते हे पुढे येईलच.

तेलात किती पाणी विरघळेल हे तापमानावर अवलंबून असते. रोहित्रात वापरले जाणारे नवे खनिज तेल २० अंश सेल्सिअसला सुमारे ५५ पीपीएम पाणी सामावून घेते. तेच तेल ६० अंशांना सुमारे २४० पीपीएमपर्यंत घेऊ शकते. पूरक द्रव्ये मिसळलेल्या वंगणतेलांत ही मर्यादा याहून अधिक असते, परंतु तत्त्व तेच. मर्यादा ओलांडली की जास्तीचे पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तेलात तरंगू लागते व तेल धूसर किंवा दुधाळ होते. थेंब एकमेकांस मिळून मोठे झाले की ते जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतात. विरघळलेले, तरंगणारे व साचलेले अशा या पाण्याच्या तीन अवस्था होत.

आता असे समजा की, चालू यंत्रात ६० अंश तापलेल्या तेलात १०० पीपीएम पाणी आहे. तेल नितळ दिसते, कारण त्याची पाणी धरून ठेवण्याची शक्ती निम्मीदेखील वापरली गेलेली नाही. रात्री यंत्र थांबले व तेल २० अंशांपर्यंत निवले. आता ते ५५ पीपीएमच धरू शकते. उरलेले ४५ बाहेर पडणार, आणि ते बेअरिंगच्या पृष्ठभागावर, दात्यांच्या खाचांत किंवा टाकीच्या तळाशी जाणार. एका पिंपामागे हे पाणी दोन चमच्यांच्या जवळपास भरते. म्हणजे चालू यंत्रातील नितळ तेल पाहून समाधान मानणे योग्य नाही. यंत्राची हानी पुष्कळदा ते थांबलेले असताना होते.

हानीचे स्वरूप

तेलाचे पहिले काम म्हणजे फिरणाऱ्या दोन धातूंच्या मध्ये एक पातळ थर राखणे. भाराखाली हा थर केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ असतो. पाण्याच्या अंगी भार सोसण्याचा तेलासारखा गुण नाही. थेंब मधे आला की त्या ठिकाणी थर तुटतो व धातूस धातू घासतो. शिवाय लोखंड गंजते, गंजाचे कण तेलात मिसळून कानसीसारखे काम करतात, आणि लोखंड व तांबे यांच्या कणांच्या सान्निध्यात पाणी असले म्हणजे तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊन त्यात आम्ले व चिकट गाळ तयार होतो. झीज रोखण्यासाठी तेलात घातलेली काही पूरक द्रव्ये पाण्यामुळे विघटन पावतात, तर काही पाण्याबरोबर तळाशी जातात. त्यामुळे नाव व रंग तेच राहिले तरी ते तेल पूर्वीचे उरत नाही.

बेअरिंगवरील परिणामाचे मोजमाप झालेले आहे. कँटली यांनी रोलर बेअरिंगांवर केलेले प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी मांडलेल्या सूत्रानुसार, १०० पीपीएम पाणी असलेल्या तेलात बेअरिंगचे जे आयुष्य असेल त्याचे, पाणी ४०० पीपीएमवर गेल्यास, सुमारे ४३ टक्केच उरते. उलट पाणी २५ पीपीएमपर्यंत खाली आणल्यास ते आयुष्य सव्वादोन पटींहून थोडे अधिक होते. प्रत्येक यंत्रास हे आकडे जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. तथापि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हा सारा फरक ज्या मर्यादेत घडतो त्यातील बराचसा भाग साध्या डोळ्यांना दिसतच नाही.

गावचे रोहित्र

रोहित्रातील तेलाचे काम निराळे. तेथे झीज होणारे भाग नाहीत; तेथे तेलाने उष्णता बाहेर न्यावयाची असते व विजेला अडवून धरावयाचे असते. वेटोळ्यांभोवती गुंडाळलेला कागद व त्यात मुरलेले तेल मिळून हा अडसर तयार होतो. पाणी या दोहोंचेही शत्रू आहे.

बंद पेटीत पाणी येते कोठून, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. याचे उत्तर असे की, रोहित्र श्वास घेते. दिवसा भार वाढला की तेल तापून प्रसरण पावते व वरची हवा बाहेर ढकलते. रात्री निवताना ते आकसते व बाहेरील हवा आत ओढते. यासंबंधी एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रोहित्रात २०० लिटर तेल असून दिवस-रात्रीच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडतो असे धरू. दर अंशामागे तेल आपल्या आकारमानाच्या सुमारे ०.०००७५ पट वाढते. म्हणजे रोज साडेचार लिटर हवा आत जाणार. पावसाळ्यात २५ अंश तापमानाच्या, बाष्पाने भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. या हिशेबाने रोज साधारण ०.१ ग्रॅम पाणी आत जाते. पावसाळ्याच्या १२० दिवसांत ते १२ ग्रॅम होते. तेलाचे वजन १७५ किलोग्रॅमच्या आसपास असल्याने हे प्रमाण जवळजवळ ७० पीपीएम भरते. ते सर्वच तेलात राहात नाही हे खरे. पण उरलेले कागदात मुरते, आणि ते अधिक वाईट. कागदातील पाणी दुप्पट झाले की त्याचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा या क्षेत्रातील ढोबळ नियम आहे. तेल सुकविता येते वा बदलता येते. जीर्ण झालेला कागद पुन्हा नवा करता येत नाही.

हा श्वास कोरडा राहावा म्हणून रोहित्राला ब्रीदर जोडलेला असतो. काचेच्या किंवा पारदर्शक नळीत सिलिका जेलचे खडे व तळाशी तेलाची लहान वाटी, एवढीच त्याची रचना. निळे खडे ओलावा शोषून गुलाबी होतात. निळा रंग देणारे कोबाल्ट क्लोराइड आरोग्यास घातक असल्याने अलीकडे नारिंगी रंगाचे खडे वापरात आले आहेत. ते ओले झाल्यावर हिरवट किंवा फिकट होतात. गुलाबी झालेले जेल म्हणजे न राखलेला दरवाजा. तळवाटीत तेल नसेल, तर जेल अहोरात्र बाहेरच्या हवेतील ओलावा पीत राहते व थोड्याच दिवसांत निकामी होते. काही नवी रोहित्रे पूर्णपणे सीलबंद असतात. त्यांना ब्रीदर नसतो, पण गळकी गास्केट असल्यास त्यांचाही सीलबंदपणा नावापुरताच राहतो.

पावसाळ्यात शेतीपंप बहुतेक बंद असतात. रोहित्र थंड राहते आणि शिरलेला ओलावा कागदात मुरतो. पुढे रब्बी हंगाम सुरू झाला की एकाच वेळी सर्व पंपांचा भार येतो, वेटोळी तापतात, कागदातील पाणी तेलात उतरते आणि तेलाची वीज अडविण्याची शक्ती नेमकी गरजेच्या वेळी घटते. रोहित्रे जळण्याची कारणे अनेक आहेत. क्षमतेपेक्षा जास्त भार, तीन फेजांवरील असमतोल, वीज पडणे, तेलाची पातळी घटणे ही त्यांपैकी काही होत. ओलावा हे एकच कारण आहे असे सांगणे चुकीचे ठरेल. परंतु इतर कारणांचा आघात सोसण्याची ताकद ओल्या रोहित्रात कमी असते, आणि हे कारण असे आहे की जे कुंपणाबाहेरूनही दिसू शकते.

म्हणून ग्रामपंचायत सदस्यांना सुचवावेसे वाटते की, मृगापूर्वी व दिवाळीच्या सुमारास गावातील प्रत्येक रोहित्राचे बाहेरून निरीक्षण करून जेलचा रंग, तेलाची पातळी व गळतीचे डाग यांची लेखी माहिती वीज वितरण कंपनीच्या जवळच्या कार्यालयास द्यावी. मात्र कोणीही कुंपणाच्या आत जाऊ नये, ब्रीदरला अगर झडपेला हात लावू नये. ११,००० व्होल्टच्या वाहिनीजवळचे काम केवळ अधिकृत तंत्रज्ञाचे आहे.

साखर कारखाना : हंगामात आणि हंगामानंतर

साखर कारखान्यात तेलाला पाण्याची संगत चोहोबाजूंनी असते. टर्बाइनच्या दांड्याभोवतीचे वाफरोधक झिजले की वाफ बाहेर फुटते व शेजारच्या बेअरिंगपेटीत शिरून तेथे तिचे पाणी होते. तेलशीतकातील एखादी नळी कुजली तर थंड करणारे पाणीच तेलात येते. यास्तव शीतकात तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा अधिक ठेवावा, म्हणजे नळी फुटली तरी तेल पाण्यात जाईल व गळती चटकन कळेल. जलविद्युत केंद्रांत बेअरिंगचे तेल पाण्याच्या नळ्यांनी थंड केले जाते, त्या ठिकाणीही या धोक्याकडे लक्ष द्यावे लागते. गाळप विभागात तर चोयट्यावर गरम पाणी सोडलेले असते, मिल धुण्यास वाफ व पाणी वापरतात आणि मिलच्या बेअरिंगांना पाण्याने थंड ठेवावे लागते. जवळच्या गिअरबॉक्सचे श्वसनछिद्र त्या बाष्पात उघडे असेल, तर आत काय जाते हे सांगावयास नको. त्या छिद्रावर जेलचा ब्रीदर बसविण्याचा खर्च गिअरबॉक्सच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. तरी तो बसविलेला क्वचितच दिसतो, हे मात्र खेदाने नमूद करावे लागते.

हंगामात निदान तेल गरम असते व सेंट्रिफ्यूज चालू असतो. खरा धोका गाळप संपल्यावर सुरू होतो. उन्हाळ्यात टर्बाइन थांबते, तेल निवते, विरघळलेले पाणी बाहेर पडून पोलादावर बसते, आणि पाठोपाठ पावसाळा येतो. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळी टाकली जाते, आणि मग पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या बेअरिंगचा आवाज येऊ लागतो. दोष नव्या हंगामाचा नसून मधल्या सहा महिन्यांचा असतो. गाळप संपताच, तेल गरम असतानाच, त्यातील पाणी काढून टाकावे. नंतर सहायक पंपाने ठराविक दिवसांनी तेल फिरवून सर्व पृष्ठभाग ओले राखावेत व टाकीच्या तळाची झडप उघडून साचलेले पाणी पाहावे.

येथे एका चुकीच्या प्रथेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. टर्बाइनच्या टाकीत तेल कमी पडले म्हणून हाताशी असलेले इंजिन ऑइल ओतले जाते. टर्बाइनच्या तेलाचा विशेष गुण म्हणजे ते पाणी लवकर सोडते. प्रयोगशाळेत ४० मिलिलिटर तेल व तितकेच पाणी ५४ अंशांवर पाच मिनिटे घुसळून ते किती वेळात वेगळे होतात हे पाहतात. इंजिन ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी साबणासारखी द्रव्ये असतात. त्याचे थोडेसे मिश्रणही हा गुण नष्ट करू शकते. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. दोन बाटल्यांत समान तेल व पाणी घ्यावे, एकीत भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकावेत, दोन्ही हलवून ठेवाव्यात. एका बाटलीत थोड्याच वेळात रेघ दिसते. दुसरी तासभर दुधाळ राहते.

पाणी ओळखण्याच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे पारदर्शक, कोरड्या बाटलीत नमुना घेऊन रात्रभर स्थिर ठेवणे. तळाशी पाणी साचले तर निकाल स्पष्ट आहे. त्यापुढची म्हणजे तडतड परीक्षा. कढईतील तापल्या तेलात ओल्या भाजीचा थेंब पडला की ते तडतडते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तेच येथे करावयाचे : सुमारे १६० अंश तापविलेल्या पत्र्यावर तेलाचा एकच थेंब टाकून बुडबुडे येतात का ते पाहावे. डोळ्यांवर चष्मा हवा, जवळ ज्वालाग्राही वस्तू नको. या परीक्षेत साधारण ५०० ते १००० पीपीएम व त्यावरील पाणी कळते. गिअरबॉक्ससाठी ती उपयोगी आहे. रोहित्राच्या तेलाला मात्र पन्नास-साठ पीपीएमही जड जाते. तेथे तडतड न होणे हा चांगलेपणाचा पुरावा मुळीच नव्हे.

रोहित्राच्या तेलासाठी विद्युतदाब सोसण्याची चाचणी करतात. २.५ मिलिमीटर अंतरावरील दोन धातुगोलकांमध्ये तेल ठेवून दाब वाढवीत नेतात व ठिणगी कोणत्या दाबाला पडते हे पाहतात. सहा वाचनांची सरासरी धरतात. लहान रोहित्रांतील तेलाचा आकडा ३० किलोव्होल्टच्या खाली गेला तर ते सुकविणे वा बदलणे आवश्यक समजतात. हा आकडा केवळ पाण्यावर नव्हे, तर त्यातील तंतू व धूळ यांवरही अवलंबून असतो, आणि गरम नमुना चांगला ठरून तोच थंड झाल्यावर नापास होऊ शकतो.

नेमके मोजमाप हवे असल्यास कार्ल फिशर यांची पद्धत वापरली जाते. या जर्मन पेट्रोलियम रसायनशास्त्रज्ञाने ती १९३५ साली प्रसिद्ध केली. आयोडीन व सल्फर डायऑक्साइड यांच्या विक्रियेत पाणी ठराविक प्रमाणात खर्च होते. आयोडीन किती लागले यावरून पाणी किती होते हे कळते. काही पीपीएमपर्यंतचे पाणी या रीतीने मोजता येते. मोठ्या यंत्रांवर आता विद्युत संवेदकही बसवितात. ते तेल संपृक्ततेच्या किती टक्के जवळ आले आहे हे सतत दाखवितात, आणि वर पाहिल्याप्रमाणे महत्त्वाची गोष्ट तीच आहे. परंतु लहान संस्थेने त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. महिन्यातून एक बाटली व एक वही यांवरही बरेच साध्य होते.

नमुना आणि नोंदवही

नमुना चुकीचा घेतला तर उत्तम प्रयोगशाळाही चुकीचेच उत्तर देते. पाऊस पडत असताना नमुना घेऊ नये. बाटली धुतल्यानंतर पूर्ण वाळविलेली असावी. झडप पुसून प्रथम थोडे तेल वाहू द्यावे व मगच नमुना भरावा. वंगणतेलाचा नमुना यंत्र चालू असताना किंवा थांबताच घ्यावा, नेहमी त्याच जागेचा घ्यावा, आणि बाटली काठोकाठ भरून ताबडतोब बंद करावी. तळाच्या झडपेतून काढलेला थेंबभर नमुना तळाची स्थिती सांगतो, सबंध तेलाची नव्हे.

वहीत तारीख, यंत्राचे चालू तास, नमुना घेतेवेळचे तेलाचे तापमान, पाण्याचे प्रमाण अथवा दिसलेले लक्षण, आणि वरून किती तेल घातले हे लिहावे. तापमानाचा रकाना बहुधा कोरा सोडला जातो. तो नसेल तर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. मर्यादा कोणती मानावी हे यंत्रनिर्मात्याने दिलेले असते, पण मर्यादेइतकेच चढाकडेही पाहावे. ६०, ७०, ६५ असे आकडे चिंतेचे नाहीत. ४०, ७०, १२० असे आकडे आले, तर मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता सील, शीतक व ब्रीदर तपासावेत. पाणी येण्याची वाट बंद न करता नुसते तेल बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडे बदलीत राहण्यासारखे आहे.

शिरलेले पाणी काढण्यासाठी स्थिर ठेवून तळाचे पाणी सोडणे, सेंट्रिफ्यूज, आणि गरम तेल निर्वातात सुकविणारे यंत्र असे चढत्या क्रमाचे उपाय आहेत. पहिल्या दोहोंनी विरघळलेले पाणी निघत नाही. रोहित्राच्या तेलास तिसराच उपाय लागतो. तळाच्या झडपेतून निघालेले पाणी तेलकट असते. ते नाल्यात अगर शेतात सोडू नये. पिंपात साठवून, २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार, टाकाऊ तेलासह नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे व दिलेल्या वजनाची पावती त्याच नोंदवहीत जोडून ठेवावी.